मोकळ्या चार मात्रा

पत्र आलं त्या दिवशी तात्यांनी ते उभ्याउभ्याच दोनदा वाचलं, घडी घातली आणि हातातल्या जाड पुस्तकात खुणेसाठी ठेवून दिलं. पुस्तक संपलं की उत्तर लिहायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. त्यानंतर ते पुस्तक ते इतकं चवीचवीने वाचू लागले, की एकेका परिच्छेदावर एकेक संध्याकाळ जाऊ लागली. शेवटी तर त्यांनी मागची पानं पुन्हा काढली. पुढे जायचं म्हणजे उत्तराजवळ जायचं, आणि ते त्यांना नको होतं.

पत्र टेलिव्हिजनवरच्या निर्मात्या बाईंचं होतं. बाई सभ्य होत्या आणि पत्रही सभ्य होतं. ‘सैल ठेका’ हा जॅझचा कार्यक्रम तात्यांच्या थोरल्या भावाने, दादांनी, दर शुक्रवारी वर्षानुवर्षं रंगवला होता. ट्रम्पेट मांडीवर आडवं टाकून ते कॅमेऱ्याशी अशा गप्पा मारत, की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस आपल्याच सोफ्यावर येऊन बसलाय. मध्येच उठून साथीदारांबरोबर एखादी धून वाजवत, घाम पुसत आणि पुन्हा गप्पांना लागत. हिवाळ्यात त्यांना झटका आला. हातपाय वाचले, पण चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली. ट्रम्पेट फुंकायला ओठ उरले नाहीत आणि शब्द तोंडातून ओले, अर्धेमुर्धे बाहेर पडू लागले. तेव्हापासून जुने भाग पुन्हा दाखवून वेळ मारून नेली जात होती.

आता बाईंनी लिहिलं होतं: निवेदनासाठी तुमच्या बंधूंनी तुमचं नाव सुचवलं आहे. सोबत नमुन्याचं निवेदन जोडलं आहे, ते घरीच वाचून, चित्रित करून पाठवावं. होकार असो की नकार, महिनाअखेरच्या टपालाच्या शिक्क्यापर्यंत सहीनिशी कळवावा. न कळवल्यास ती वेळ नाइलाजाने बागकामाच्या कार्यक्रमाला द्यावी लागेल.

तात्या त्याच कार्यक्रमात डबल बास वाजवत. दादांच्या मागे, डावीकडे, जिथे दिव्यांचा प्रकाश संपतो तिथे. इतक्या वर्षांत पडद्यावर फार तर त्यांची बोटं दिसली होती. एरवी त्यांचा उद्योग नकला उतरवण्याचा: कुणाची तरी रचना समोर ठेवायची आणि प्रत्येक वादकासाठी त्याच्या वाटणीचा कागद स्वच्छ अक्षरात लिहून काढायचा. या दोन्ही कामांत तोंड उघडावं लागत नाही, म्हणूनच ती आपल्याला जमली, असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत होतं.

महिना संपायचा तो शनिवार उजाडला आणि सकाळीच फोन वाजला.

“भाऊजी, आज इकडेच जेवायला या,” वहिनी म्हणाल्या. “आणि येताना ते पत्र आणा.”

“कुठलं पत्र?”

“ज्याबद्दल तुम्ही आमच्याशी अवाक्षर बोलला नाहीत, ते.”

दादांचं घर एका लाँड्रीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात कायम गरम इस्त्रीचा वास असे. पुढच्या खोलीच्या भिंतींना अंड्यांच्या ट्रेचे पुठ्ठे चिकटवलेले होते, शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून. शेजारी तरीही तक्रार करत. खिडकीशी पियानो, कोपऱ्यात तात्यांचा तालमीचा बास. तो जिन्यातून पुन्हा खाली नेण्याची कुणाचीच छाती होत नसल्यामुळे कायमचा इथेच मुक्कामाला होता. तात्या आले ते आधी बासला भेटले, मग माणसांना.

माणसं सगळी हजर होती. हे पाहूनच त्यांना कळलं, की हे नुसतं जेवण नाही.

अक्का, म्हणजे दोघा भावांच्या मधली बहीण, टेबलाच्या टोकाला पाव कापत बसली होती. ती हॉटेलांतून आणि जलशांतून गात असे, आणि घरातही असं बोलत असे, की शेवटच्या रांगेला ऐकू जावं. तिच्यासमोर दादांचा मुलगा. तो दातांचा डॉक्टर. नानांनी, म्हणजे या तिघा भावंडांच्या वडिलांनी, जहाजांवर क्लॅरिनेट वाजवून घराण्यात जॅझ आणला, तो या एकाच माणसापाशी येऊन अडला, असं सगळे म्हणत. तोही अभिमानाने म्हणे. त्याची धाकटी बहीण टिचकी पियानोच्या स्टुलावर पाय वर घेऊन बसलेली. लहानपणापासून दिसेल त्या वस्तूवर बोटं वाजवते म्हणून टिचकी. आता ती ‘सैल ठेका’मध्ये पियानो वाजवत असे, म्हणजे गेल्या हिवाळ्यापर्यंत वाजवत असे. आणि खिडकीकडे पाठ करून, गळ्याशी रुमाल खोचून, दादा. ते सूप पीत होते. सगळं लक्ष त्या चमच्यावर लावलं होतं.

“आले आमचे दूरदर्शनचे तारे,” अक्का म्हणाली.

“अक्का, नको ना.”

“नको काय? दादाने नाव सुचवलं कुणाचं, तर याचं! मी काय मेले होते? मला काय धाड भरलीय? आवाज आहे, चारचौघांत वावरायची सवय आहे, कॅमेऱ्याला मी भीत नाही.”

“कॅमेरा तुला भितो, आत्या,” टिचकी म्हणाली. “मागे पाहुणी म्हणून आलीस, तेव्हा त्या सॅक्सोफोनवाल्याला सगळ्यांदेखत बेसूर म्हणालीस.”

“होताच बेसूर.”

“तो निर्मात्या बाईंचा नवरा होता.”

“म्हणून काय सुरात वाजवायचं नाही?”

डॉक्टराने चमचा खाली ठेवला. “मला विचाराल तर...”

“तुला आम्ही दातांचं विचारतो,” अक्का म्हणाली.

“मला विचाराल तर बंद होऊ दे. बाबांना शुक्रवार आला की झोप लागत नाही. जुने भाग लागतात, स्वतःलाच बोलताना बघतात आणि मग शनिवारभर घुमे होऊन बसतात. संपू दे एकदाचं. लावू देत लोकांना गुलाब.”

“आणि मी काय करू?” टिचकी उसळली. “मी काय वाजवू, कुंड्या?”

“तू तर काकाच्या बाजूची असशील.”

“मुळीच नाही! काकाला कशाला अडकवताय? दाराची घंटा वाजली की हा पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जातो. हा लाखो लोकांशी बोलणार?” मग तिने तात्यांकडे बघितलं. “रागावू नकोस हं, काका.”

“छे, तुझंच बरोबर आहे,” तात्या म्हणाले. ते अगदी मनापासून म्हणाले.

मग जो तो आपापलं वाजवू लागला. अक्काने सॅक्सोफोनवाल्यापासून सुरुवात केली ती नानांनी आपल्याला जहाजावर कसं नेलं नाही तिथवर पोचली. डॉक्टराने सांगितलं, लहानपणी तालमीच्या आवाजाने आपला अभ्यास कसा व्हायचा नाही. टिचकी म्हणाली, तरी झालास ना डॉक्टर? शेवटी वहिनींनी सूपचा डाव बाजूला ठेवून स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला.

सगळे गप्प झाले. ही नानांची खूण. वाजवताना कुणी भरकटत लांब गेला, की नाना वाद्यावरचा एक हात काढून डोक्यावर ठेवत: पुरे, आता मूळ धूनवर या. पुढे ती खूण जेवणाच्या टेबलावरही आली. वहिनींना एकही वाद्य वाजवता येत नसे, पण या घरात डोक्यावर हात सर्वांत जास्त वेळा त्यांनीच ठेवला होता.

“मूळ मुद्दा एवढाच आहे,” त्या म्हणाल्या, “की पाच वाजता खालच्या पेटीतलं टपाल काढतात. भाऊजी हो म्हणताहेत की नाही?”

सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी मिठाच्या भांड्याकडे पाहिलं.

तेवढ्यात दादा बोलले. ते हल्ली क्वचितच बोलत. शब्द जुळवायला वेळ लागे आणि जुळवलेला शब्द ओठांच्या कोपऱ्यातून निसटे. “बोलणारे... पुष्कळ,” ते म्हणाले. रुमालाने हनुवटी टिपली. “ऐकणारा... हा एकच.” आणि पुन्हा चमच्याकडे वळले.

“घ्या,” अक्का म्हणाली. “कार्यक्रम बोलायचा आणि माणूस ऐकणारा. छान निवड!”

पुन्हा सुरू झालं. तात्यांना गलका झाला की हातांना काम लागे. त्यांनी पाकिटातून नमुन्याचं निवेदन काढलं, पियानोवरून पाच रेघांचा एक कोरा कागद आणि पेन्सिल उचलली आणि टेबलाच्या कडेला बसून ते निवेदन उतरवून काढू लागले. त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, का. समोर मजकूर असला की तो उतरवायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पेन्सिल चालू लागली तसा श्वास खाली बसला.

डॉक्टराला मात्र तोड सुचली. “हे बघा, वाद कशाला? आत्ताच वाचू दे काकाला. मी फोनवर टिपतो. जमलं तर जमलं, नाही जमलं तर विषय कटाप.”

“मला मान्य आहे,” अक्का लगेच म्हणाली. “नाही जमलं तर मी आहेच.”

एकाला कार्यक्रम बंद व्हायला हवा होता, दुसरीला तो स्वतःसाठी हवा होता; पण तात्यांची फजिती व्हावी यावर दोघांचं एकमत झालं. गेल्या कित्येक महिन्यांत आत्या-भाच्याचं हे पहिलंच एकमत.

दिव्यावरची टोपी काढून उजेड मोठा करण्यात आला. डॉक्टराने फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवून उभा केला. तात्यांचे हात कुठे ठेवायचे हा प्रश्न आला. खिशात घातले तर ते चोरासारखे दिसत, मांडीवर ठेवले तर परीक्षेला बसल्यासारखे. शेवटी ते उठले आणि बास कवेत घेऊन उभे राहिले. तो एक खांदा आणि अर्धं पोट झाकत होता, त्यामुळे जरा निभावलं. कागद पियानोच्या स्टँडवर ठेवला. टिचकी होती तिथेच, स्टुलावर बसून राहिली, कारण दुसरी खुर्ची उरली नव्हती.

“हं, कर सुरू,” डॉक्टर म्हणाला.

“नमस्कार, रसिकहो,” तात्यांनी वाचलं. आवाज बरा होता. घशात थोडी खडी होती, पण बरा. “आज आपण एका अशा धूनकडे वळणार आहोत, जिने तीन पिढ्यांना वेड लावलं.”

आणि ते थांबले.

खोलीत लाँड्रीतल्या यंत्रांची घरघर तेवढी ऐकू येत होती. अक्काने भुवई उंचावली. टिचकीने डोळे मिटून घेतले, तिला बघवेना.

“काका?” डॉक्टर हळूच म्हणाला. “अडलास का?”

“नाही रे. मोकळ्या मात्रा आहेत.”

“काय आहेत?”

तात्यांनी कागदाकडे बोट केलं. डॉक्टर उठून आला, अक्काही वाकली. कागदावर निवेदनाचा मजकूर पाच रेघांखाली सुबक अक्षरात मांडला होता. मधूनमधून उभ्या रेघा. आणि प्रत्येक वाक्यानंतर विरामाच्या खुणा. चार मात्रा, पुन्हा वाक्य, पुन्हा चार मात्रा. वर पहिल्या ओळीच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘मध्यम लय, घाई नको’ असंही लिहिलेलं होतं.

“अरे, हे निवेदन आहे की बासचा कागद?” डॉक्टराला हसू आवरेना. अक्का तर खुर्चीचा हात धरून हसली. “रसिकहो, आणि चार मात्रा गप्प! लोकांना वाटेल टीव्ही बिघडला!”

तात्यांचे कान लाल झाले. त्यांनी खोडरबर शोधायला खिसे चाचपले. “चुकलंच माझं. हाताला सवय आहे. खोडतो.”

“थांब.” टिचकीने कागद उचलून जवळ धरला. “या मात्रा सोडल्यास कुणासाठी?”

“कुणासाठी असं नाही. माझं संपलं, की कुणाचं तरी सुरू होतंच ना? नेहमीच होतं.”

तिने कागद परत ठेवला आणि स्टूल पियानोकडे फिरवलं. “डॉक्टर, फोन चालू ठेव. काका, पहिल्यापासून. आणि एकही मात्रा खोडू नकोस.”

“नमस्कार, रसिकहो.” चार मात्रा. पियानो दोन सुरांत उत्तरला, हलकेच, कुणी दार उघडून ‘या’ म्हणावं तसा. “आज आपण एका अशा धूनकडे वळणार आहोत, जिने तीन पिढ्यांना वेड लावलं.” आता टिचकीने नानांनी घरात सगळ्यांना शिकवलेल्या धूनची पहिली ओळ वाजवली आणि अर्ध्यावर सोडून दिली. तात्या पुढचं वाक्य वाचायला गेले, पण ते वाक्य एकदम त्यांना खोटं वाटलं. त्यांनी कागदावरून नजर काढली.

“वेड लावलं असं छापलंय इथे,” ते म्हणाले. “खरं सांगायचं तर मला ती मुळीच आवडत नसे.”

पियानोने एक वाकडा, दुखावलेला सूर काढला. वहिनी हसल्या.

“मी लहान होतो. नानांनी बास हातात दिला आणि सांगितलं, तू खालचे सूर धर. सगळी मजा वरच्यांची. माझ्या वाट्याला चारच सूर, फिरून फिरून तेच.” त्यांनी ते चार सूर तारांवर छेडले. टिचकी त्यांवर चढून खेळली आणि बरोबर चार मात्रांनी थांबली. “मग एक दिवस लक्षात आलं. ट्रम्पेटवाला श्वास घ्यायला थांबतो ना, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, गाणं आता पडलं. ते पडत नाही. का पडत नाही, तर खाली कुणीतरी उभं असतं. श्वास घ्यायच्या आधी ट्रम्पेटवाल्याचे खांदे वर जातात. मी इतकी वर्षं सूर बघून वाजवलं नाही, ते खांदे बघून वाजवलं.”

या वेळी मात्रा चार झाल्या, आठ झाल्या, आणि टिचकीने काहीच वाजवलं नाही. मग अक्काने, कुणी न सांगता, टेबलापाशी बसल्या बसल्याच ती धून गुणगुणायला सुरुवात केली. शेवटच्या रांगेसाठी नव्हे, अगदी स्वतःपुरती. पियानो तिच्या मागून गेला आणि बास दोघींच्या खालून. धून संपली तरी डॉक्टराला फोन बंद करायचं भान राहिलं नाही.

“अगं बाई,” अक्का म्हणाली. “याला बोलता येतं.”

“काका!” टिचकी स्टुलावरच उड्या मारत होती. “काका, हेच पाठवायचं!”

डॉक्टराने घसा साफ केला. “गुलाबवाल्यांचं काही खरं नाही,” तो म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच होतं.

त्याच वेळी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दादा उठले होते. त्यांनी गळ्याचा रुमाल काढून बशीशेजारी ठेवला आणि कुणाकडेही न बघता, भिंतीला हात लावत, आतल्या खोलीत निघून गेले. दार लागलं.

खोलीतला उत्साह फुग्यासारखा बसला.

“म्हणूनच मी म्हणत होतो, बंद करा,” डॉक्टर पुटपुटला, पण आता त्यात जोर नव्हता. टिचकी दाराकडे निघाली. वहिनींनी तिला हाताने थांबवलं.

“भाऊजी, तुम्ही जा.”

“मी? वहिनी, तुम्ही गेलात तर...”

“मी गेले तर ते समजूत घालून घेतील आणि मनातलं मनातच ठेवतील. तुमच्याशी निदान भांडतील तरी.”

तात्यांनी बास भिंतीला टेकवला. रिकाम्या हातांनी त्या दारापर्यंत जाणं त्यांना कॅमेऱ्यापेक्षा अवघड गेलं.

दादा पलंगाच्या कडेवर बसले होते, उजवा गाल तळहातात धरून. तात्या शेजारी बसले. दोघांच्या वजनाने गादी मधोमध खचली आणि त्यांचे खांदे एकमेकांना टेकले.

“चांगलं झालं,” दादा म्हणाले.

“मग उठलास का?”

“चांगलं झालं... म्हणून.”

एरवी अशा वेळी दादांनी काहीतरी चावट बोलून गाठ सोडवली असती. ते काम नेहमी त्यांचंच होतं. आज ते बोलणार नाहीत हे तात्यांना हळूहळू उमगलं. म्हणजे आपणच बोलायला हवं.

“नाव तूच सुचवलंस माझं.”

“सुचवलं. वाटलं... तू नाही म्हणशील.” दादांच्या डोळ्यांत ओशाळं हसू आलं. “मग म्हणता आलं असतं... भाऊही नाही... म्हणजे कुणीच नाही. संपलं. सुटलो.”

“अस्सं! म्हणजे मी उत्तर देत नव्हतो ते तुला सोयीचंच होतं.”

“फार.”

तात्यांना राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांना हलकं वाटलं. भित्रेपणात आपण एकटे नव्हतो तर.

“दादा, मी एकटा नाही जाणार.”

“टिचकी आहे.”

“टिचकी असेलच. मी तिसरी खुर्ची म्हणतोय.”

दादांनी गालावरचा हात काढला आणि चेहरा पूर्ण त्यांच्याकडे फिरवला. झुकलेला ओठ, ओघळलेली पापणी. “हे? हे दाखवू... लोकांना?”

“तू डावीकडून बस. कॅमेऱ्याला चांगली बाजू दिसेल.”

“बसायचंच झालं... तर समोर बसेन. चोरासारखा नाही.” मग स्वतःच दचकून म्हणाले, “बसणार नाहीये मी.”

“मग ऐक. त्या मात्रा मी कुणासाठी सोडल्या, टिचकीने विचारलं ना? मला तिथे सांगता आलं नाही. त्या तुझ्या आहेत. उतरवताना मी तुझे श्वास मोजत होतो. आज पोरीने भरल्या, छान भरल्या. पण तू समोर नसलास तर जागा कुठे येते तेच मला कळायचं नाही. दोन शुक्रवार निभावेन, तिसऱ्याला मी तुझीच नक्कल करायला लागेन. ती कुणाला बघवेल? तू दोन शब्द बोल, एक बोल. नुसता बसून मला ‘खोटं सांगतोस’ असं मानेनं सांगितलंस तरी पुरे.”

एवढं लांब बोलल्यावर त्यांना धाप लागली.

दादा खाली बघत राहिले. “किती मात्रा सोडल्यास?”

“चार.”

“मी आठ घ्यायचो.”

“चारच घ्यायचास. तुला आठ वाटायच्या.”

दादांच्या छातीतून घरघरल्यासारखा आवाज आला. ते हसत होते. अर्धा चेहरा हसत होता आणि उरलेला अर्धा त्याच्यामागे फरफटत चालला होता. “बघू,” ते म्हणाले. “आधी... तुझं पत्र लिही.”

पत्र लिहायला बसले तेव्हा घड्याळाकडे वहिनींचं लक्ष होतं. “फोन करून टाक ना,” डॉक्टर म्हणाला, पण बाईंना सही हवी होती, आणि तात्यांना फोनवर ना हो म्हणता येत असे ना नाही. मसुद्यावर सगळ्यांनी हात फिरवला. अक्काने महिन्यातून एक गाणं स्वतःसाठी घालायला लावलं. मग विचार करून, त्या सॅक्सोफोनवाल्याची माफी मागायची तयारी आहे, तो सुरात वाजवणार असेल तर, असंही घालायला लावलं. ते वहिनींनी खोडायला लावलं. डॉक्टराने चित्रीकरणाच्या वेळी आपण स्वतः हजर राहू, अशी अट टाकली. “औषधांसाठी,” तो म्हणाला. टिचकीचं म्हणणं एवढंच होतं, की पत्रात तिला टिचकी म्हणू नये.

शेवटी स्वच्छ कागदावर उतरलं ते असं: ‘पत्र मिळाले. उत्तरास उशीर झाला, क्षमस्व. निवेदन करीन, मात्र एकटा नाही. पियानोवर पुतणी असेल आणि बोलण्यात मोकळ्या जागा असतील. त्या कापू नयेत. तिसरी खुर्ची ठेवावी. ती भरेल की नाही, हे आज सांगता येत नाही.’ खाली तात्यांची सही. नमुन्याचं चित्रण फोनवरून डॉक्टराने केव्हाच धाडून दिलं होतं.

तात्यांनी पत्र पाकिटात घातलं, पण पाकीट चिकटवलं नाही. पेटीपाशी एकदा पुन्हा वाचू, असं त्यांच्या मनात होतं. ते जोडे घालत होते, तर शेजारी दुसरे जोडे आले.

“येतो,” दादा म्हणाले.

हिवाळ्यापासून ते जिना उतरले नव्हते. डॉक्टर पुढे झाला, तर वहिनींनी त्याची बाही धरून ठेवली. दोघे भाऊ एकेक पायरी उतरत खाली आले. लाँड्रीचं दार वाफेने धुरकट झालं होतं. आतून इस्त्रीवाल्या बाईने वाकून पाहिलं आणि इस्त्री उभी करून ती गल्ल्याशी आली.

“अहो, तुम्ही!” ती दादांना म्हणाली. तिची नजर त्यांच्या ओठावर क्षणभर थांबली, आणि मग डोळ्यांवर आली. “शुक्रवारी सगळं जुनंच दाखवतात मेले. कालचा भाग तर मी दोनदा बघितलेला. नवीन कधी?”

तात्या उत्तर द्यायला पुढे सरसावले, कारण इतक्या महिन्यांत बाहेरच्यांना उत्तरं दुसरेच देत आले होते. दादांनी त्यांना कोपराने मागे सारलं.

“तुमच्या... यंत्रांचा आवाज,” ते सावकाश म्हणाले, “माझ्या तालमीत येतो.”

“आणि तुमच्या तालमीचा माझ्या यंत्रांत येतो,” ती म्हणाली. “हिवाळ्यापासून बंद आहे. इस्त्रीला हात चालत नाही हो.”

तिला सगळं समजलं होतं. एकही शब्द तिने पुन्हा विचारला नव्हता. दादा तिच्याकडे बघत उभे राहिले, मग त्यांनी हात पुढे केला. “पेन आहे?”

तिने पावत्यांचं पेन दिलं. दादांनी तात्यांच्या हातातून पाकीट घेतलं, पत्र काढून गल्ल्यावर पसरलं आणि शेवटचं वाक्य, ‘ती भरेल की नाही’वालं, एका रेघेत खोडून टाकलं. तात्यांच्या सहीखाली स्वतःची सही केली, पूर्वी चाहत्यांना देत तशीच मोठी, कागदाच्या कडेपर्यंत जाणारी. मग पाकिटाची कड ओठांशी नेली, पण तो ओठ ऐकेना. त्यांनी पाकीट तात्यांपुढे धरलं आणि तात्यांनी ते चिकटवलं.

पेटी कोपऱ्यावर होती. टपालवाल्याची सायकल पलीकडच्या वळणावर दिसत होती. तात्या पेटीच्या फटीत पाकीट अर्धवट सरकवून थांबले.

“दादा, मी ‘क्षमस्व’ नीट लिहिलं का? आणि त्या कापू नयेत असं हुकूम सोडल्यासारखं तर नाही वाटत? त्यांना वाटेल, हा कोण...”

दादांनी तळहाताने पाकिटाच्या बुडावर एक थाप दिली. पाकीट आत गेलं. आवाज आला नाही; आत आधीच बरीच पत्रं असावीत.

“पडलं का?” तात्यांनी वाकून विचारलं.

“पडलं. आता तुझ्या बापालाही... काढता यायचं नाही.”

“आपल्या,” तात्यांनी दुरुस्त केलं.